वणव्यावर माती टाकणारे हात कुणाचे?

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या दप्तरी आगीचा हंगाम. या चार महिन्यांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात कुठे ना कुठे जंगल जळत असते. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. इतके हेक्टर जंगल खाक झाले आणि वनविभागाने आग आटोक्यात आणली. आग कशाने विझवली आणि कुणी विझवली, हे त्या चार ओळींत कधीच नसते.

शहरात राहणाऱ्या वाचकाला वाटते, बंब आला असेल. बंबाला रस्ता लागतो आणि पाणी लागते. डोंगराच्या अंगावर, सागाच्या आणि बांबूच्या रानात, एप्रिलच्या दुपारी यातले काहीच नसते. नाले कोरडे पडलेले असतात. तिथे माणसाजवळ तीनच गोष्टी असतात: हिरवी डहाळी, हातातले फावडे आणि पायाखालची माती. वणवा विझतो तो या तिघांच्या जोरावर. हवेचा झोत मारणारे ब्लोअर अलीकडे आले, पण त्यांनीही पालापाचोळा बाजूला होतो एवढेच. धुमसणारा ओंडका शेवटी मातीनेच गार करावा लागतो.

आमच्या काही कार्यकर्त्यांना हा विषय आपला वाटत नाही. "वणवा हा पर्यावरणवाल्यांचा विषय, फार तर आदिवासी संघटनांचा. आंबेडकरी चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?" असा प्रश्न एका तरुणाने आम्हाला अभ्यासवर्गात विचारला. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही तपशिलात जाऊन दिले पाहिजे. उत्तर मातीपासूनच सुरू होते.

आपल्याकडचे बहुतेक वणवे सिनेमात दिसतात तसे शेंड्याशेंड्यावरून उड्या मारत जात नाहीत. ते जमिनीवरून सरपटतात. सागाची, ऐनाची, मोहाची पानगळ झालेली असते, वाळलेले गवत असते, पडलेल्या काटक्या असतात. एवढाच त्यांचा चारा. आगीला जळण, हवा आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. माती टाकली की तिची हवा तुटते आणि उष्णता माती शोषून घेते. आणि पालापाचोळा खरवडून खालची कोरी माती उघडी केली की पुढचे जळणही तुटते. एका मातीत तिन्ही कामे होतात. म्हणून जगभर जिथे जिथे माणूस पाण्याविना वणव्यासमोर उभा राहिला, तिथे त्याने मातीच उचलली.

पण कोणतीही माती कशीही फेकून वणवा विझत नाही. वरची काळसर, पानांचा चुरा मिसळलेली माती टाकली तर ती स्वतःच धुमसते. तो थर बाजूला सारून खालची माती घ्यावी लागते. ती किंचित ओलसर मिळाली तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी टणक असते की फावडे आत जात नाही, आधी कुदळ मारावी लागते. मुरमाड टेकडीवर दगडच जास्त निघतात. काळ्या मातीची ढेकळे फेकली तर ती निखाऱ्यावर नुसती बसतात आणि फटीतून हवा आत जातच राहते. म्हणून माती भुसभुशीत करून घ्यावी लागते. ती ज्वाळेच्या शेंड्यावर टाकायची नसते, ज्वाळेच्या बुडाशी, जिथे पान जळते आहे तिथे टाकायची असते. फावडे जमिनीला समांतर आडवे फिरवले की माती पसरून पडते आणि एका झटक्यात हात-दोन हात लांबीची आग बसते. ढीग करून टाकली तर मेहनत वाया. तासन्तास हे करायचे, वर सूर्य आणि समोर आग.

ज्वाळा साधारण चार फुटांच्या वर गेल्या की हाताच्या अवजारांनी समोरून भिडता येत नाही, उष्णताच माणसाला जवळ येऊ देत नाही. मग मागे सरून, आग येण्याच्या दिशेला, पालापाचोळा खरवडून कोऱ्या मातीचा पट्टा काढावा लागतो. तो कुठे काढायचा हे ठरवायला वाऱ्याची दिशा कळावी लागते, चढ-उतार कळावा लागतो. चढावर वणवा धावत सुटतो, उतारावर तो रेंगाळतो. म्हणून पेटलेल्या उताराच्या वरच्या बाजूला उभे राहणे म्हणजे मरणाला बोलावणे. आग जिथून जाऊन चुकली ती काळी जागा पाठीशी ठेवायची, कारण वारा फिरला तर पळायला तीच जागा उरते. पहाटे हवेत थोडी ओल असते, वारा पडलेला असतो, वणवा बसका होतो. कामाची खरी वेळ ती. दुपारी दोनला माणसे आगीवर पाठवणारा साहेब जंगल ओळखत नाही, असे खुशाल समजावे.

आणि आग दिसेनाशी झाली म्हणजे काम संपले असेही नाही. बांबूच्या रांजीच्या बुडाशी, जुन्या खुंटाच्या मुळांत, पडलेल्या ओंडक्याच्या पोटात निखारा जिवंत असतो. त्यावर नुसती माती लोटून निघून गेले तर तो मातीच्या पांघरुणाखाली दोन-दोन दिवस धुमसत राहतो आणि वारा सुटला की पुन्हा तोंड काढतो. त्यासाठी ओंडका फोडायचा, निखारे पसरायचे, मातीत कालवायचे, पुन्हा पसरायचे, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागते का ते पाहायचे. फुफाट्यात पाय गेला तर चप्पल वितळते. अंगावर स्वस्तातली पॉलिस्टरची पँट असेल तर ठिणगीने ती कातडीला चिकटते. वनमजुराच्या पायात बहुतेक वेळा रबरी चप्पलच असते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता हे सगळे ज्याला कळते, तो माणूस 'अकुशल' कसा?

सरकारच्या हिशेबात तो अकुशल आहे. १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा घ्या की २००५ चा केंद्राचा, दोन्हीकडे शब्द एकच आहे, अकुशल अंगमेहनतीचे काम. फावडे-कुदळ हातात आली की माणूस अकुशल होतो आणि कीबोर्ड हातात आला की कुशल. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी करते आणि त्यांना एकाखाली एक रचते. या रचनेत मातीला हात लावणारा कायम तळाशी असतो. त्याचे ज्ञान ज्ञान म्हणून मोजलेच जात नाही, ते 'सवय' म्हणून मोजले जाते. जंगलात वारा ओळखणाऱ्या माणसाला पदविका नाही म्हणून तो हंगामी. जंगल न ओळखणाऱ्याला पदवी आहे म्हणून तो कायम.

हा झाला संबंधाचा पहिला धागा. दुसरा कायद्यात आहे आणि तो अधिक टोचणारा आहे.

१९२७ साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. या दोन तारखांच्या मध्ये, २१ सप्टेंबर १९२७ ला, इंग्रज सरकारने भारतीय वन अधिनियम लागू केला. तो आजही चालू आहे. त्याचे कलम ७९ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा वाचावे. राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्याचा काही हक्क आहे, ज्याला तिथून वनोपज नेण्याची, लाकूड तोडण्याची किंवा गुरे चारण्याची परवानगी आहे, अशा प्रत्येक माणसावर आणि त्याच्या नोकरावर वणव्याची खबर देण्याचे बंधन आहे. वणवा कळला की अधिकाऱ्याने बोलावो वा न बोलावो, तो विझवायला लागलेच पाहिजे. त्याच यादीत पुढे आणखी एक माणूस आहे. जंगलाला लागून असलेल्या गावातला, सरकारी नोकरीत असलेला किंवा गावाची सेवा करण्याबद्दल सरकारकडून मोबदला घेणारा. टाळाटाळ केली तर मूळ कायद्यात शिक्षा आहे एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विझवणाऱ्याला मजुरी काय, जेवण काय, भाजला तर औषधपाणी काय, याबद्दल ते कलम मुके आहे.

'गावाची सेवा करण्याबद्दल सरकारकडून मोबदला घेणारा' हा १९२७ च्या खेड्यात कोण होता? कागदावर त्यात पाटील-कुलकर्णीही बसतात. पण पाटील वर्दी द्यायचा आणि धावायचा तो वतनदार महार, जागल्या, कोतवाल. सीमा राखणे, टपाल पोचवणे, साहेबाच्या घोड्यापुढे पळणे ही ज्याची रात्रंदिवसाची कामे, त्याच्याच गळ्यात वणवाही पडला असणार, हे समजायला फार मोठे संशोधन लागत नाही. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा हाच होता की तुटपुंज्या मोबदल्यावर माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला चोवीस तास सरकारचे बांधील करून ठेवणे ही नोकरी नव्हे, गुलामगिरी आहे. ती लढाई तीस वर्षे चालली, १९५८ च्या कायद्याने ती वतने खालसा झाली. वतन गेले. कलम ७९ राहिले.

कुणी म्हणेल, संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली, पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची राज्याला मुभा आहे. बरोबर आहे, मुभा आहे. पण तिथेच अट आहे की अशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. आता कलम ७९ कुणावर पडते ते पाहा. मोहफुले वेचणाऱ्या बाईवर पडते. शेळ्या चारणाऱ्या पोरावर पडते. ताडोबाच्या फाटकाबाहेर ज्याचे आलिशान रिसॉर्ट आहे, जंगलाच्या नावावर जो एका रात्रीचे हजारो रुपये घेतो, त्याला जंगलातून काडी नेण्याची परवानगी लागत नाही, म्हणून तो मोकळा. जिप्सीत बसून वाघाचे फोटो काढणारा पर्यटकही मोकळा. जंगलावर ज्याचे पोट आहे त्याच्यावर बंधन, जंगलावर ज्याचा नफा आहे त्याच्यावर नाही. शब्दांत जात नाही आणि परिणामात जात-वर्ग दोन्ही आहेत, अशी ही कारागिरी.

शिवाय १९८२ सालचा आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांचा खटला आठवा. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करवून घेणे हीसुद्धा कलम २३ खालची वेठबिगारीच आहे. पोटाची आग माणसाला कामाला लावते, ती साखळदंडापेक्षा कमी सक्तीची नाही. तेव्हा वणव्यावर नेलेल्या माणसाची हजेरी लागली नाही, किंवा अर्ध्या दिवसाची लागली, तर तो मामुली गैरप्रकार नाही, घटनाभंग आहे. तक्रार करताना हाच शब्द वापरावा.

त्याच वन कायद्याचे कलम २६ सांगते की कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने राखीव जंगलात आग लावली, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क हवे तितके दिवस थांबवू शकते. आग लावली एकाने, चूल विझली सगळ्या गावाची. सामुदायिक शिक्षा म्हणतात ती हीच. गावाने एखाद्याला वाळीत टाकावे तसे इथे सरकार गावालाच वाळीत टाकते.

मग आग कुणीच लावत नाही का? लावतात, आणि हे लपवण्यात आपला फायदा नाही. मोहाच्या झाडाखालची जमीन साफ दिसावी म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पाला पेटवला जातो. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून पेटवले जाते आणि त्यात ठेकेदाराचा उत्साह मजुरापेक्षा जास्त असतो. विडीची थोटके असतात, शेतातला कचरा जाळताना बांधापलीकडे गेलेली आग असते. मोहाखाली आग लावण्याऐवजी खराट्याने पाला लोटला, किंवा झाडाखाली जाळी बांधली, तर फुलेही स्वच्छ मिळतात. हे गावोगाव सांगायला आपण गेले पाहिजे. पण सांगणारा कोण, याने फरक पडतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यापायी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात. उत्पन्न सोडून दिले आणि बांबूवर भर दिला. कोणत्याही वनरक्षकाच्या दंडुक्याने हे झाले नसते. जंगल आपले आहे हा कागद हातात आल्यावर झाले.

आता त्या कागदाकडे येऊ, कारण आमच्या मते खरी गोम तिथे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पण त्याच्या शेजारी त्याच जंगलावर जगणारा बौद्ध, भटका-विमुक्त, ढिवर 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो. त्याला त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याच्या नावावर जमीन येऊच दिली नाही, त्याने १९३० सालचा कागद आणायचा! आग विझवायला हाक मारताना कुणी पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागत नाही. तेव्हा फावडे उचलणारे दोन हात असले की पुरते. हक्क मागायला गेले की तेच हात उपरे ठरतात.

तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडते. वणव्यात आदिवासी आणि दलित एकाच रांगेत उभे असतात, एकमेकांच्या फावड्याला फावडे लावून. त्यांना दोन रांगांत उभे करण्याचे काम नंतर तहसील कार्यालयात होते.

जीव जातो तेव्हाही रांग एकच असते. ८ एप्रिल २०२१ ला गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून मेले, दोघे गंभीर भाजले. वाऱ्याने आटोक्यात आलेली आग पुन्हा भडकली आणि माणसे तिच्यात सापडली. तीन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात चिडाच्या वाळलेल्या सुयांनी भरलेल्या डोंगरावर तेच घडले, चार जण जागीच गेले. दोन्ही ठिकाणचे जंगल वेगळे, झाडे वेगळी, भाषा वेगळी. पुढे पाठवलेली माणसे मात्र त्याच पायरीवरची.

या काळात तंत्रज्ञान कमी पडले असे नाही. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे ठिपके टिपते आणि मोबाइलवर संदेश पाठवते. ३७५ मीटरच्या चौकटीत आग कुठे आहे ते दिसते. चांगली गोष्ट आहे, आमचा विरोध नाही. पण संदेश आल्यावर त्या चौकटीपर्यंत चालत जायला माणूसच लागतो. आकाशातल्या डोळ्यासाठी पैसा आहे, जमिनीवरच्या पायांसाठी बूट नाहीत. बूट, सुती जाड कपडे, तोंडावर बांधायला ओले करता येईल असे फडके, चांगल्या पात्याचे फावडे, पाण्याची बाटली. हा काही चंद्रावर जाण्याचा खर्च नाही.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि नियम ४ खाली त्यासाठी समिती नेमता येते. ही समिती नेमलेली नसेल तर नेमा आणि तिच्यात फावडे मारणारी माणसे घ्या, सरपंचाचे भाचे नकोत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपासून १५ फेब्रुवारीला वीस दिवस उरतात. त्या सभेत ठराव घ्यायचा तो असा: वणव्यावर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर त्याच दिवशी लागेल. रात्रीच्या कामाची मजुरी वेगळी मिळेल. हंगाम सुरू होण्याआधी सर्वांचा विमा उतरवला जाईल. बूट आणि अवजारे आगीनंतर नको, आगीआधी मिळतील. दुपारी भर वाऱ्यात पुढे जायचे की थांबायचे हा निर्णय टोळीतल्या अनुभवी माणसाचा राहील, त्याला 'अकुशल' नव्हे तर कुशल दर मिळेल. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या. पोच महत्त्वाची, आपल्याकडे तोंडी आश्वासनांचा वणवाच पेटलेला असतो.

आणि त्या हजेरीपटाची झेरॉक्स गावात ठेवा. वनहक्काच्या नियम १३ खाली सरकारी कागद पुरावा म्हणून चालतात, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. ज्या आजोबांनी या जंगलात वणव्यावर माती टाकली त्यांचे नाव जुन्या एखाद्या हजेरीपटावर, पंचनाम्यावर, मजुरीच्या पावतीवर असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून ते काढा. कागद सापडला नाही तर त्यांच्या बरोबरीची जी माणसे हयात आहेत त्यांचे जबाब या उन्हाळ्याआधीच लिहून घ्या. कुठल्या टेकडीवर, कुठल्या साली, कोण कोण होते, रात्री कुठे झोपले, मजुरी मिळाली की नाही. दाव्याच्या फायलीत ही पाने लावा.